ईसीएम जळाला आहे की उपाशी आहे?

नागपुरात वाडी, कळमना किंवा बुटीबोरी भागात डिझेल पिकअप चालवणाऱ्याला कधी ना कधी गॅरेजमध्ये एक वाक्य ऐकावे लागते : "ईसीएम गेला आहे, बदलावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. काही जण त्याला ईसीयू म्हणतात, पण डबा तोच असतो. हे निदान कधी बरोबर असते, तर कधी दोष डब्याच्या बाहेर, एखाद्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये असतो. डबा आतून खराब होणे आणि चांगल्या डब्याला पुरेशी वीज न मिळणे या दोन्ही बिघाडांची बाहेरून दिसणारी लक्षणे इतकी सारखी असतात की पाच आकडी रक्कम खर्च करण्याआधी नेमका कोणता बिघाड आहे याची खात्री करून घेणे गाडीमालकाच्या हिताचे आहे.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात हा प्रश्न फारसा येत नसे, कारण एकदा सुरू झालेले इंजिन बॅटरी कमजोर पडली तरी चालत राही. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व सिलिंडरांना एकाच सामायिक नळीतून जास्त दाबाचे डिझेल मिळते) मात्र प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल कधी आणि किती सोडायचे हे ईसीएम ठरवतो. सोलेनॉइड प्रकारचे, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारे, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) उघडण्यासाठी तो बॅटरीचे १२ व्होल्ट आतल्या सर्किटमध्ये सुमारे ५० ते ८० व्होल्टपर्यंत वाढवतो आणि काही क्षणांसाठी मोठा करंट सोडतो. त्यामुळे पुरवठ्यातली जी कसर हेडलाइटला सहज चालून जाते, ती ईसीएमला चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाल्यानंतर सेन्सर आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणखी वाढले, म्हणजे बाहेर बिघडू शकणाऱ्या जागाही वाढल्या.

सर्वांत फसवे लक्षण असे : चावी फिरवली तरी चेक लाइट लागत नाही, सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही, आणि स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारे यंत्र) लावला तर तो ईसीएमशी बोलू शकत नाही. एवढ्यावरून डबा मेला असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात आणि तो वरवर पटतोही. परंतु ईसीएमला मुख्य वीज मेन रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, मिळते, आणि अनेक गाड्यांत त्या रिलेची अर्थ स्वतः ईसीएमच पूर्ण करतो. रिलेचे कॉन्टॅक्ट जळाले असतील, फ्यूज गेला असेल किंवा रिलेच्या सॉकेटमधली पिन सैल झाली असेल, तर पूर्णपणे चांगला ईसीएमही अगदी मेल्यासारखाच वागतो.

स्कॅनर बोलत नसेल तर एक तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. कॅन लाइन (गाडीतले संगणक एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती दोन वायरींची जोडी) असलेल्या गाडीत बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या जागेच्या, ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजावा. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक तुटलेले आहे, आणि शून्याच्या जवळ दिसले तर दोन्ही वायर कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. अनेक गाड्यांत यांपैकी एक रेझिस्टर ईसीएमच्या आतच असतो, त्यामुळे १२० या आकड्यावरून संशय डब्यावर जातो तसाच त्याच्या कपलरवरही जातो. ६० दिसले म्हणून डबा चांगला ठरत नाही. लाइन शाबूत आहे, एवढेच त्यातून कळते.

वीज आणि अर्थ तपासताना मात्र मल्टिमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. दहा तारांपैकी नऊ तुटलेली वायरसुद्धा मीटरवर ऐटीत १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. म्हणून ईसीएमचा कपलर काढून, वायरिंग डायग्रॅम पाहून, केवळ वीज आणि अर्थच्या पिनांवर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडून पाहावा. ज्या गाडीत मेन रिलेची अर्थ ईसीएम पूर्ण करतो, तिथे कपलर काढल्यावर रिले लागत नाही, म्हणून त्या पिनवर बल्ब न पेटणे हा दोष समजू नये. तो लख्ख पेटला तर पुरवठा करंट देऊ शकतो. मिणमिणला तर वाटेत अडथळा आहे. सेन्सरच्या पिनांवर हा प्रयोग कधीही करू नये, कारण त्या वायरी इतका करंट वाहण्यासाठी नसतात. दुसरी पद्धत म्हणजे कपलर पुन्हा जोडून, सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून ईसीएमच्या अर्थ पिनपर्यंत व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्टेज, मोजणे. साधारण ०.१ व्होल्टपर्यंतचा ड्रॉप चालतो. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर ईसीएम बाजूला ठेवून आधी अर्थची पट्टी उघडावी.

पिकअपमध्ये ही पट्टी खराब होण्याला खास कारणे आहेत. चेसिसला नव्याने रंग मारला जातो आणि अर्थचा बोल्ट रंगावरच घट्ट आवळला जातो. मागच्या हौदाला वेल्डिंग करताना बॅटरी काढली जात नाही, आणि वेल्डिंगचा करंट सापडेल त्या वाटेने परत जातो. त्या वाटेत ईसीएमची अर्थ आली, तर पट्टीबरोबर डबाही खरोखर जळू शकतो. बाजारात रात्रभर धान्याच्या पोत्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात, हे कळमन्याला माल नेणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

आता उन्हाचा मुद्दा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि दुपारी चालता चालता बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली की "ईसीएम तापतो" असे निदान लगेच होते. ईसीएमच्या आतले सोल्डरचे जोड खरोखरच तापून-थंडावून आणि धक्क्यांनी तडकतात, त्यामुळे हे निदान अशक्य नाही. मात्र इंजिनाचा वेग मोजणारा क्रँक सेन्सरही अगदी असाच वागतो : आतली कॉइल तापली की सिग्नल बंद होतो आणि थंडावली की परत येतो. दोघांतला फरक गाडी बंद असतानाच, म्हणजे ती थंड होण्याआधी, सेल्फ मारून स्कॅनरवर पाहावा लागतो. स्कॅनर बोलतो आहे पण आरपीएम शून्य दिसतो, तर संशय आधी सेन्सर आणि त्याच्या वायरवर घ्यावा. त्याच क्षणी स्कॅनरचा संपर्कच तुटलेला असेल आणि कपलरवर बल्ब लख्ख पेटत असेल, तर डब्याविरुद्धचा पुरावा भक्कम होतो.

फसवणुकीची आणखी एक जागा म्हणजे ५ व्होल्टची लाइन. ॲक्सिलरेटर पेडल, रेल प्रेशर सेन्सर, बूस्ट सेन्सर अशा अनेक भागांना ईसीएम ही वीज पुरवतो. त्यांतला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की संपूर्ण लाइन खाली बसते आणि एकदम बिघाडाचे चार-पाच कोड येतात, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. एवढे कोड पाहून मेकॅनिकला डब्यातच घोटाळा वाटतो. अशा वेळी त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जावे. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी.

डबा स्वतः खराब असल्याच्या खुणा तुलनेने थोड्या आहेत. पी ०६०१ हा मेमरीचा किंवा पी ०६०६ हा प्रोसेसरचा कोड, पुरवठा व अर्थ निर्दोष असताना, पुसूनही पुन्हा पुन्हा येणे. इंजेक्टर आणि त्याची वायर चांगली असूनही एकाच सिलिंडरला सिग्नल न जाणे. कपलर काढल्यावर पिनांवर हिरवा गंज दिसणे किंवा डब्यातून जळका वास येणे. इंजेक्टर शॉर्ट होऊन डब्यातला ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट सोडणारा सर्किटचा भाग) जळणे हा यांतला नेहमीचा प्रकार आहे, आणि तिथेच मोठा सापळा असतो : इंजेक्टर न तपासता नवा ईसीएम जोडला, तर तोही लगेच जळू शकतो. "दुसऱ्या गाडीचा लावून पाहू" हा प्रयोगही याच कारणाने महागात पडतो. शिवाय दुसऱ्या गाडीचा डबा चावीतल्या इमोबिलायझर (चोरीविरोधी) चिपला ओळखत नाही. त्यामुळे गाडी सुरू होत नाही किंवा दोन सेकंदांत बंद पडते, आणि त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

खात्री झाल्यावर तीन मार्ग उरतात. मूळ डबाच दुरुस्त झाला तर आतली सगळी माहिती जशीच्या तशी राहते, म्हणून नुकसान फक्त ड्रायव्हर किंवा कपॅसिटरपुरते असेल तर मी हाच मार्ग निवडेन. पाणी शिरून बोर्डच सडला असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत. नव्या डब्यात गाडीचा सॉफ्टवेअर, चेसिस क्रमांक आणि चावी कंपनीच्या प्रणालीतून भरून घ्यावी लागते. वापरलेला डबा घेतल्यास त्याचा हार्डवेअर क्रमांक जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, आणि जुन्यातला डेटा त्यात क्लोन, म्हणजे जसाच्या तसा कॉपी, करावा लागतो. जुना डबा वाचता येत असेल तरच हे शक्य असते, म्हणून तो भंगारात देण्याची घाई करू नये.

डबा बसवल्यानंतर प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड नव्या ईसीएममध्ये सिलिंडरच्या क्रमाने भरला आहे ना, हे स्कॅनरवर स्वतः पाहावे. क्लोन केलेल्या डब्यात जुने कोड आपोआप येतात, कोऱ्या डब्यात येत नाहीत. कोड चुकले तर गाडी सुरू होते, पण आयडलिंगला थरथरते आणि धूर सोडते, आणि मग चांगल्या इंजेक्टरांवरच संशय घेतला जातो. बीएस-६ गाडीत डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठलेल्या काजळीचा हिशेबही ईसीएमकडेच असतो. नवा डबा तो फिल्टर रिकामा आहे असे समजून चालू लागतो, म्हणून फिल्टरची खरी स्थिती त्याच बैठकीत नोंदवून घ्यावी.