सुकाणू टांगायचं कशावर?

लहान शिडाच्या होडीसाठी सुकाणू करायला घेतलं की पहिली चर्चा पात्याची होते: रुंदी किती, लाकूड कोणतं, कडा कशा तासायच्या. इतिहासात मात्र पातं हा सोपा भाग होता. इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या होड्यांच्या प्रतिकृतींनाही मागे मोठं वल्हं आहेच. हजारो वर्षं माणसाला अडवलं ते दुसऱ्याच प्रश्नाने. ते पातं सहज फिरेल आणि लाटेच्या दणक्याने निखळणारही नाही, असं होडीला जोडायचं कसं?

पहिलं उत्तर होतं, कुशीला बांधायचं. नॉर्वेत १८८० मध्ये उकरून काढलेलं गोक्स्टाडचं जहाज नवव्या शतकाच्या अखेरचं. त्याचं सुकाणू मागच्या बाजूला, उजव्या कुशीवर आहे. पात्याला भोक, कुशीवर लाकडी गड्डा आणि दोन्हींतून ओवलेला लवचीक पीळ; वर काठाशी एक पट्टा. उथळ पाण्यात पट्टा सोडला की पातं वर घेता यायचं. या मांडणीबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण तिच्यात फिरणं, धरून ठेवणं आणि उचलणं या तिन्ही गरजा एकाच जागी भागल्या आहेत. पण जहाज डावीकडे कललं की पातं पाण्याबाहेर येऊ लागतं. भूमध्य समुद्रातल्या जहाजांनी म्हणूनच दोन्ही कुशींना एकेक सुकाणू ठेवलं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेल्या जहाजालाही मागे कुशीला अशीच वल्ही आहेत. पाचव्या शतकातल्या त्या चित्राच्या आधारे गोव्यात काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. तेही मागच्या लांब वल्ह्यांनीच वळतं.

चीनमध्ये वाट वेगळी निघाली, कारण तिथल्या जहाजांची पाठ, म्हणजे मागची बाजू, सपाट होती. ग्वांगचौमधल्या, हान राजवटीच्या काळातल्या थडग्यात मातीची एक होडी मिळाली. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली मानतात आणि तिच्या पाठीला मधोमध सुकाणू आहे. पुढे मोठ्या चिनी जहाजांत हे सुकाणू दोरांवर तोलून ठेवत आणि बंदरात शिरताना वर ओढून घेत. पात्याला शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं पाडण्याची रीतही तिथलीच. त्यामुळे ते फिरवायला लागणारा जोर कमी होतो.

अरबी समुद्राच्या बाजूला दोराचा उपयोग निराळा झाला. अरब भूगोलकार अल्-मुकद्दसी याने दहाव्या शतकाच्या शेवटी तांबड्या समुद्रातल्या प्रवासाचं वर्णन केलं आहे. नाखवा उंचावर बसून पाण्यातले खडक पाहतो, मुलं त्याचा हुकूम ओरडून खाली पोचवतात आणि खालचा माणूस हातातल्या, सुकाणूच्या दोन दोरांपैकी एक ओढतो. चित्रकार अल्-वासितीने १२३७ मध्ये रंगवलेल्या हस्तलिखितातल्या जहाजाला तर पाठीमागे मधोमध सुकाणू स्पष्ट दिसतं.

युरोपात उत्तर मिळालं ते लोखंडातून. साधारण ११८० च्या सुमाराचे दोन कोरीव बाप्तिस्माकुंड, एक बेल्जियममधल्या झेडेलगेमचं आणि एक इंग्लंडमधल्या विंचेस्टरचं, जहाजाच्या मागच्या टोकाच्या उभ्या खांबाला टांगलेलं सुकाणू दाखवतात. बाल्टिक किनाऱ्याजवळच्या एल्बिंग शहराच्या १२४२ च्या शिक्क्यावरही ते आहे. दाराला बिजागरी असावी तशी ही रचना: खांबावर कड्या, पात्यावर खुंट्या. पण बिजागरीला सरळ चौकट लागते. उत्तर युरोपातल्या कॉग जातीच्या व्यापारी जहाजांचा मागचा खांब सरळ होता, म्हणून तिथे ती चटकन रुजली. पाठ गोलाकार वळलेल्या जहाजावर तेच काम किचकट होतं. सुकाणूच्या गोष्टीत मला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: पात्याआधी होडीची पाठ बदलावी लागली.

आजच्या डिंगीची, म्हणजे लहान शिडाच्या होडीची, पाठ सपाट असते आणि तिच्यावर सहसा कडी-खुंटीच्या दोन जोड्या बसतात. दोन्ही जोड्या अगदी एका रेषेत हव्यात. तसूभर फरक पडला तरी सुकाणू जड फिरतं आणि खुंट्या झिजतात. खालची खुंटी थोडी लांब ठेवली की ती आधी ओवता येते आणि मग वरची. डुलत्या होडीवर दोन्ही एकदम साधण्याची कसरत वाचते. लाकडी पातं तरंगतं, तेव्हा होडी उलटली तर ते निसटू नये म्हणून वर अडकण हवीच. पात्याचा छेद पुढे गोलसर आणि मागे निमुळता ठेवतात. नुसती सपाट फळी थोड्या कोनातच पाण्यावरची पकड सोडते. आणि होडी पुळणीवर घ्यायची असेल तर पातं एका बोल्टवर मागे वर उचललं जाईल असं करतात, म्हणजे गोक्स्टाडच्या पट्ट्याचं काम आता दोरी आणि बोल्ट करतात.