स्काऊट-गाईडला नाव कसं घालायचं, कागद काय लागतात आणि फायदा नक्की कधी मिळतो

जून महिना लागला की पालक विचारायला येतात, मॅडम स्काऊटला नाव घातलं की दहावीला मार्क मिळतात ना? मी गेली बरीच वर्षं गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींचं पथक चालवणारी शिक्षिका, म्हणून काम करतेय, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते. मार्कांचं पुढे सांगते, आधी नाव कसं घालायचं ते बघा.

वय 5 ते 10 असेल तर मुलगा कब आणि मुलगी बुलबुल, 10 ते 17 मध्ये स्काऊट आणि गाईड, आणि 15 ते 25 मध्ये रोव्हर-रेंजर, जे जास्त करून कॉलेजात असतं. जात, धर्म, मार्क कशाचीच अट नाही. शाळेत पथक असेल तर स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन असलेल्या सर-मॅडमना भेटायचं, बस. शाळेत पथकच नसेल तर जिल्ह्याच्या भारत स्काऊट्स आणि गाईड्स ऑफिसात जाऊन जिल्हा संघटकांना भेटा, शाळेबाहेर चालणारी खुली पथकं कुठे आहेत ते तिथे कळतं.

कागद फार नाहीत. आधार कार्ड, जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, दोन फोटो, रक्तगट आणि पालकांचं संमतीपत्र. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरला सारखंच आहे ना ते आत्ताच बघा, कारण नोंदणी आता ऑनलाईन होते आणि तिथे मुलाला जो युआयडी नंबर (आधारचा नाही, संघटनेचा सदस्य नंबर) मिळतो त्यावरच पुढची सगळी सर्टिफिकेटं निघतात. तो नंबर घरी लिहून ठेवा. फी वर्षाची असते आणि थोडीच असते, पण नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, आणि घोळ होतो तो इथेच.

युनिफॉर्मसाठी घाई करू नका. आधी तीन महिने तरी मुलाने पथकात यायचं, वचन, नियम, सॅल्यूट, झेंडा, साध्या गाठी शिकायच्या, मग दीक्षाविधी होतो आणि तेव्हा स्कार्फ गळ्यात पडतो. त्याला प्रवेश म्हणतात. त्यानंतर प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला ठरलेले महिने काम करावंच लागतं, मधली पायरी गाळता येत नाही, आणि राष्ट्रपती पुरस्काराचं काम 18 वर्षं पूर्ण व्हायच्या आत व्हायला हवं. म्हणून मी म्हणते पाचवी-सहावीतच सुरू करा, नववीत आलेल्या मुलाला मी पथकात आनंदाने घेते पण राष्ट्रपतीपर्यंत पोचवीन असं सांगू शकत नाही.

एका मुलीचं सांगते, नाव नाही लिहीत. राज्य पुरस्काराची सगळी तयारी झालेली, तंबू ठोकायची, चूल लावून डाळभात करायची, स्ट्रेचर तर दोन काठ्या आणि चादरीत मिनिटात करायची. पण आधीच्या शाळेत असताना मधलं एक वर्ष नूतनीकरणच झालं नव्हतं, कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि फॉर्म परत आला. माझ्यासमोर लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची वही, छातीशी धरून रडली ती. तेव्हापासून मी पालकांना नूतनीकरणाची पावती आणि प्रत्येक सोपानाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स घरच्या फाईलला लावायलाच लावते. लॉगबुकमध्ये पण तारखा त्या त्या दिवशीच लिहायच्या, शिबिराच्या आदल्या रात्री बसून नाही.

आता फायदे. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, नुसतं नाव घातलं म्हणून गुण मिळत नाहीत, त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत मागून वाचा. रेल्वेत स्काऊट-गाईडचा वेगळा कोटा आहे. त्याला राष्ट्रपती पुरस्कार किंवा पथक चालवणाऱ्या मोठ्यांसाठीचा हिमालय वुड बॅज (प्रशिक्षणाचा बॅज) लागतो, अलीकडची निदान पाच वर्षं सक्रिय सदस्य असल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि राष्ट्रीय किंवा अखिल रेल्वे पातळीवरचे दोन आणि राज्य पातळीवरचे दोन कार्यक्रम केलेले लागतात. लेखी परीक्षा 60 गुणांची आणि सर्टिफिकेटांना 40. म्हणजे जांबोरीचं, स्काऊट-गाईडच्या मोठ्या मेळाव्याचं, जे सर्टिफिकेट घरात कुठेतरी कपाटावर पडलेलं असतं त्याला इथे किंमत येते. 2023 च्या जानेवारीत राजस्थानात पालीजवळ रोहटला राष्ट्रीय जांबोरी झाली, तसले कार्यक्रम चुकवू नका.

पण खरं सांगू, मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडतं ते खरी कमाई. मुलं भेळ करतात, लिंबू सरबत करतात, शाळेच्या मैदानात विकतात. पाचवीतला एक मुलगा, वर्गात तोंड उघडत नव्हता, दुपारपर्यंत गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे मोजून देत होता आणि मधेच ओरडला, काकू कांदा जास्त टाकू का? त्याची आई दाराशी उभी राहून बघत होती, आत आलीच नाही बराच वेळ.

शिबिराला पाठवताना वेगळं संमतीपत्र आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, मुलाला दमा, ॲलर्जी, फिट येणं असं काही असेल तर ते लपवू नका, स्पष्ट लिहा, गोळ्या नाव टाकून मॅडमकडे द्या. पोरांच्या सामानात शिट्टी, टॉर्च, पाण्याची बाटली, ताट-वाटी आणि दोरी हवी. दोरी सुती घ्या, नायलॉनच्या दोरीची गाठ सुटते.