साठीतले ऐंशी आणि पंचेचाळिशीतले शंभर किलो

व्यायामशाळेच्या पटांगणात एखाद्या रविवारी भरलेल्या बेंच प्रेस स्पर्धेत एकाच वजनगटात, जवळपास सारख्याच शरीरवजनाचे तिघे उतरले आहेत असे समजू. 16 वर्षांच्या मुलाने 85 किलो, 45 वर्षांच्या गृहस्थांनी 100 किलो आणि 62 वर्षांच्या आजोबांनी 80 किलो उचलले. सर्वांत मोठे वजन अर्थातच गृहस्थांचे आहे. परंतु सर्व वयोगटांतून एकच सर्वोत्कृष्ट स्पर्धक निवडायचा असेल, तर पंच वयगुणकांचे कोष्टक काढतात. तरुणांसाठी फॉस्टर यांचे आणि चाळिशीपुढच्यांसाठी मॅककलॉक यांचे कोष्टक शक्तीच्या खेळात बराच काळ प्रचलित आहे. त्यानुसार 16 व्या वर्षाचा गुणक 1.13, 45 व्या वर्षाचा 1.055 आणि 62 व्या वर्षाचा 1.393 आहे. गुणाकार केला की मुलाचे 96, गृहस्थांचे 105.5 आणि आजोबांचे 111.4 होतात, आणि चषक आजोबांकडे झुकतो.

हा न्याय की नुसती दया, असा प्रश्न प्रेक्षकांत हमखास निघतो. त्याचे उत्तर स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या शरीरक्रियेत आहे. मात्र त्याआधी या खेळात नेमके काय मोजले जाते ते पाहायला हवे.

बेंच प्रेसमध्ये स्पर्धक बाकावर उताणा झोपतो, बार हातांत घेतो, छातीपर्यंत खाली आणतो आणि कोपरे सरळ होईपर्यंत वर ढकलतो. छातीचा मोठा स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचा त्रिशिर स्नायू ही यातली मुख्य मंडळी; तालमीत दंड काढतानाही हीच राबतात. फरक एवढाच की दंडात आपण स्वतःच्या शरीराचा काही भाग उचलतो आणि तो नेमका किती, हे सहसा कोणी मोजत नाही, तर येथे अर्ध्या ग्रॅमच्या शेंगदाण्याइतकी ऊर्जासुद्धा हिशेबात धरता येते. 100 किलोचा बार 40 सेंटिमीटर वर नेण्यासाठी सुमारे 390 जूल कार्य लागते. त्या एका शेंगदाण्यात साधारण 12,000 जूल असतात, आणि स्नायू त्यातला चौथा हिस्साच कामी लावतात असे धरले तरी सात उचली सहज निघतील. म्हणजे अडचण ऊर्जेची मुळीच नाही. अडचण आहे ती बलाची: मार्गातल्या प्रत्येक बिंदूवर, विशेषतः छातीपासून थोडे वर, जिथे सांध्यांचे कोन स्नायूंना प्रतिकूल होतात आणि बार रेंगाळतो तिथे, पुरेसे बल त्याच क्षणी उभे करावे लागते.

स्पर्धेचे नियम या बलाची शुद्ध परीक्षा व्हावी म्हणूनच रचलेले आहेत. व्यायामशाळेत अनेक जण बार छातीवर आपटून त्या उसळीसरशी वर नेतात. वेगाने ताणलेला स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणारा कंडर स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतात, बरगड्यांचा पिंजराही थोडी उसळी देतो, आणि ताण जाणवताच मज्जारज्जूकडून आकुंचनाची प्रतिक्षिप्त आज्ञा येते. लगेच उलट दिशा घेतली तरच हा सगळा फुकटचा माल हाती लागतो. क्षणभर थांबले की त्यातला बराचसा विरून जातो. म्हणून स्पर्धेत बार छातीवर स्थिर झाल्याशिवाय पंच ‘प्रेस’ म्हणत नाहीत, आणि शेवटी ‘रॅक’ ही आज्ञा मिळेपर्यंत बार जागेवर ठेवता येत नाही. रोज मित्रांसमोर 110 किलो उचलणारा तरुण मंचावर 100 किलोला अडकतो, तो बहुधा या एका थांब्यामुळे.

दुसरी पळवाट भूमितीची आहे. पाठीची कमान वाढवली आणि पकड रुंद केली की बारचा प्रवास आखूड होतो. बेंच प्रेस हा पॉवरलिफ्टिंग या खेळातल्या उचलींपैकी एक; आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत दोन्ही तर्जन्यांमधले अंतर 81 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डोके, खांदे आणि नितंब बाकाला टेकलेलेच असावे लागतात. आणि 2023 पासून बार छातीवर असताना कोपरांची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली यावीच लागते. माझ्या मते ही शेवटची सुधारणा फार आधी व्हायला हवी होती, कारण काही लवचीक स्पर्धकांचा बार जेमतेम काही सेंटिमीटर हलत असे आणि तरीही तीनपैकी दोन पंचांचे मान्यतेचे पांढरे दिवे लागले की उचल वैध ठरत असे. पायांचा जमिनीला दिलेला रेटाही मदत करतो. पायांत बळ नसलेल्या खेळाडूंना ती मदत नसते, तरीही पॅरालिम्पिकमधल्या पॉवरलिफ्टिंगमध्ये केवळ बेंच प्रेसच असते, आणि 2004 मध्ये अथेन्सला राजिंदर सिंग राहेलू यांनी भारताला त्यात कांस्यपदक मिळवून दिले.

आता वयाकडे वळू. वयात येण्यापूर्वी मुलांची ताकद व्यायामाने वाढते, पण ती स्नायू जाड झाल्यामुळे फारशी नाही, तर मेंदू आणि मज्जारज्जू अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात म्हणून. पौगंडावस्थेत संप्रेरकांची भर पडते आणि मग स्नायूंचा आकारही वाढतो. देखरेखीखाली केलेल्या बेताच्या वजनाच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते, या समजुतीला आधार नाही. मात्र वाढ पूर्ण होण्याआधी कमाल वजनाच्या मागे लागू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. महासंघाच्या स्पर्धांत 14 वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो.

चाळिशीपुढचे कोष्टक अधिक बोलके आहे. 40 व्या वर्षी गुणक 1 असतो, 50 ला 1.13, 60 ला 1.34 आणि 70 ला 1.645. आकड्यांची ही चढण पाहून ताकद शेवटी कड्यावरून कोसळते असे मला प्रथम वाटले होते, पण गणित उलटे करून पाहिल्यावर वेगळेच चित्र दिसले. चाळिशीत 100 किलो उचलणाऱ्याकडून हे कोष्टक पन्नाशीत साडेअठ्ठ्याऐंशी, साठीत साडेचौऱ्याहत्तर आणि सत्तरीत जवळजवळ एकसष्ट किलोंची अपेक्षा करते. म्हणजे पहिल्या दशकात साडेअकरा किलो जातात आणि पुढच्या दोन्ही दशकांत जवळपास चौदा-चौदा. किलोंतली घट साठीनंतर वाढलेली नाही. उरलेली शिल्लक कमी झाल्यामुळे तेवढीच घट टक्क्यांत मोठी दिसते. अर्थात हे प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे, तर स्पर्धेच्या सोयीसाठी केलेला हिशेब आहे.

ही घट होते कशी? मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी स्नायूतल्या शेकडो तंतूंना आज्ञा देते. वयानुसार यांतल्या काही पेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. शेजारच्या पेशी त्यांतल्या काहींना दत्तक घेतात, उरलेले झिजून जातात. यात सर्वाधिक फटका बसतो तो जोरकस पण लवकर थकणाऱ्या जलद तंतूंना. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी दाखवून दिलेल्या तत्त्वानुसार शरीर आधी लहान चेतापेशी आणि त्यांचे मंद तंतू कामाला लावते आणि भार वाढेल तसे मोठ्या पेशींकडे व त्यांच्या जलद तंतूंकडे वळते. त्यामुळे रोजच्या चालण्या-उठण्यात हे तंतू जवळजवळ बेकार असतात, आणि त्यांची उणीव जड वजनाखालीच उघडी पडते. उतारवयातल्या या स्नायूंच्या क्षीणतेला आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 च्या सुमारास ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले, ज्याचा ग्रीकमधला अर्थ मांसाचे दारिद्र्य असा आहे.

हे दारिद्र्य सगळेच अटळ नसते. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे मांड्यांचा भारी वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. गेलेल्या चेतापेशी परत आल्या नव्हत्या. उरलेल्या पेशी आणि तंतू मात्र पुन्हा पूर्ण कामाला लागले होते.

स्पर्धेपूर्वी एक गोष्ट मात्र ज्येष्ठांनी तपासून घेतलीच पाहिजे. जड वजन उचलताना आपण श्वास रोखतो, त्यामुळे छातीतला दाब वाढून धड ताठ होते आणि बलाला भक्कम आधार मिळतो; पण त्याचबरोबर रक्तदाबही उसळतो. 1985 मध्ये काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना मोजणी केली, तेव्हा सरासरी 320/250 एवढा दाब आढळला होता. निरोगी रक्तवाहिन्या हे काही सेकंद सोसतात, पण उच्च रक्तदाब असलेल्यांनी किंवा हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये.

आणि आता पुन्हा आजोबांकडे. स्पर्धेत वजन सहसा 2.5 किलोंच्या टप्प्यांनी वाढते. साठाव्या वर्षी त्यांनी हेच 80 किलो उचलले असते, तर गुणकानंतर ते 107.2 झाले असते. बासष्टीत त्याच 80 किलोंचे 111.4 झाले. दोन वर्षांत बारवर एकही प्लेट न चढवता त्यांनी कोष्टकावर एका टप्प्याहून अधिक मात केली आहे, आणि त्यांची तिसरी, शेवटची उचल अजून बाकी आहे.