गाडगे हे आडनाव नव्हतंच

आमच्या वऱ्हाडात पारावर अजून ऐकू येतं, 'बाबा गाडग्यांच्या घरचे.' तसं नाही. शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 रोजी जन्मलेल्या संत गाडगेबाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर.

मग गाडगे कुठून आलं? मातीच्या भांड्याला आपल्याकडे गाडगं म्हणतात. फुटकं गाडगं हेच त्यांचं ताट, तेच पाण्याचं भांडं. लोकांनी त्यावरूनच हाक मारली, अन् ती आडनावासारखी चिकटली. अमरावती विद्यापीठाच्या पाटीवरही तेच नाव असल्यावर पोरांचा गैरसमज व्हायचाच!

कीर्तनात मात्र ते श्रोत्यांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, उत्तरं त्यांच्याच तोंडून काढायचे, आणि मध्येच 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला'चा गजर. 20 डिसेंबर 1956 ला तो आवाज थांबला.