बिग बँडमधला ट्यूबा

ट्यूबा या खर्जातल्या मोठ्या पितळी फुंकवाद्याचा जन्म लष्करी बँडसाठी झाला. बर्लिनमध्ये १८३५ साली विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरिट्झ यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांमधून तो जॅझमध्ये आला. चालता चालता डबल बास हे उभं, अवजड तंतुवाद्य वाजवणं शक्य नव्हतं, म्हणून खर्जाची बाजू ट्यूबाने आणि सूझाफोनने, म्हणजे अंगाभोवती अडकवायच्या ट्यूबाने, सांभाळली.

१९२०च्या दशकात जॅझ नाचघरांत स्थिरावल्यावरही ट्यूबा टिकला. त्याचं एक कारण ध्वनिमुद्रणाचं होतं. १९२५पर्यंत भोंग्यासमोर वाजवून रेकॉर्ड करायचे. त्यात डबल बासचा आवाज जेमतेम उमटे, ट्यूबाचा मात्र ठळक येई. फ्लेचर हेंडरसनच्या बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात, राल्फ एस्कुडेरो ट्यूबा वाजवायचा. चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर स्वर द्यायचा, मधल्या मात्रांवर दम घ्यायचा, अशी ती चाल.

मग मायक्रोफोन आला आणि नाचाची लयही बदलली. स्विंग या नव्या जॅझ शैलीला चारही मात्रांवर सलग चालणारा बास हवा होता. गाणंभर असा ठेका फुंकून वाजवणं फुप्फुसांना पेलणारं नव्हतं. हेंडरसनकडे ट्यूबा वाजवणारा जॉन कर्बी डबल बासकडे वळला. काउंट बेसीच्या बँडमधला वॉल्टर पेज पूर्वी दोन्ही वाजवायचा, पण त्याचं नाव झालं ते डबल बासवर. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मोठ्या बँडांतून ट्यूबा गेला.

तो परत आला तो अरेंजरमुळे, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणाऱ्यामुळे, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लॉड थॉर्नहिलच्या बँडसाठी लिहिताना गिल इव्हान्सने डबल बास तसाच ठेवला आणि त्याशिवाय ट्यूबा घेतला. ठेका धरण्याच्या कामातून सुटलेल्या ट्यूबाला आता फ्रेंच हॉर्नच्या खाली स्वतःची सुरावट मिळाली. तो वाजवणारा बिल बार्बर ज्युलियार्ड या संगीतविद्यालयात शिकलेला होता. १९४८मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने नऊ जणांचा संच उभा केला, त्यातही बार्बर होता. तिथे ट्यूबाची जोडी बॅरिटोन सॅक्सोफोनशी जमवलेली होती, ट्रम्पेटची आल्टो सॅक्सोफोनशी. या संचाची १९४९-५०ची ध्वनिमुद्रणं ऐकताना ट्यूबा वेगळा काढून दाखवणं अवघड जातं. तो नसता तर मात्र त्या सुरांची ऊब आणि गोलाई हरवली असती. इव्हान्स-डेव्हिस जोडीच्या १९५७ आणि १९५८च्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डवरही बार्बरच आहे.

१९६०च्या दशकात हॉवर्ड जॉन्सन इव्हान्सच्या ऑर्केस्ट्रात आला. त्याने ट्यूबा तार स्वरांत नेला आणि त्यावर सोलो घेतले. ट्यूबा अवजड असतो हा समज त्याच्या वादनापुढे टिकत नाही.

आजच्या बिग बँडमध्ये ट्यूबासाठी सहसा वेगळी खुर्ची नसते. बास ट्रॉम्बोन वाजवणाराच गरजेपुरता तो उचलतो. त्यामुळे वाद्य बदलायला पुरेशा मात्रा मोकळ्या सोडणं हे अरेंजरचं काम असतं.