रेशमावरची कॅथेड्रलं आली कुठून

युरोपातल्या कॅथेड्रलची, म्हणजे मोठ्या मुख्य चर्चेसची, रेशमावर छापलेली जुनी एचिंग्ज (तांब्याच्या प्लेटवर कोरून घेतलेली छापचित्रं) गोळा करायला लागलं की ब्रूअर हे नाव येतंच. जेम्स अल्फीज ब्रूअर, १८८१ ते १९४६, लंडनचा एचिंग करणारा चित्रकार. वडील हेन्री विल्यम ब्रूअर हेपण जुन्या इमारतींची चित्रं काढण्यातच नावाजलेले, म्हणजे हात घरातूनच आलेला.

पण ही हौस त्याच्याही आधीची आहे. १८८० मध्ये सेमूर हेडननी लंडनला एचिंग करणाऱ्या चित्रकारांची सोसायटी काढली, आणि त्याच सुमारास स्वीडनहून आलेला अ‍ॅक्सल हेग मोठमोठी चर्चेस प्लेटवर उतरवत होता. तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर द्यायचा, सुईने ओरखडून चित्र काढायचं, अ‍ॅसिडमध्ये बुडवायचं म्हणजे ओरखडलेल्या रेघा खोल होतात, मग रेघांमध्ये शाई भरून वरची पुसून काढायची आणि प्रेसमधून दाबून छाप घ्यायचा. तांबं मऊ, छापून छापून रेघा झिजतात, म्हणून १९व्या शतकात प्लेटवर लोखंडाचा पातळ मुलामा द्यायला लागले आणि मग एका प्लेटवरून खूप जास्त प्रती निघायला लागल्या. घराघरात कॅथेड्रल पोचलं ते त्यामुळे, असं मला वाटतं.

मग १९१४ आलं, पहिलं महायुद्ध सुरू झालं. ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँची लायब्ररी जळाली, १९ सप्टेंबरला फ्रान्समधल्या रेंसच्या कॅथेड्रलवर तोफगोळे पडले, दुरुस्तीसाठी बांधलेल्या लाकडी परांच्या पेटल्या आणि छपरावरचं शिसं वितळून खाली वाहिलं, दारावरच्या हसऱ्या देवदूताच्या मूर्तीचं डोकंसुद्धा तुटून पडलं. नोव्हेंबरमध्ये बेल्जियममधल्याच ईपरचा क्लॉथ हॉल, म्हणजे जुन्या कापडबाजाराची इमारत, गेला. ब्रूअरने रेंस, लूव्हाँ, ईपर सगळं एचिंगमध्ये केलं, आणि विचार करा, जी इमारत काल उभी होती ती आता चित्रातच उरलीय, लोकांना ते घरात लावावंसं वाटणारच ना! रेंसचं कॅथेड्रल पूर्ण दुरुस्त होऊन पुन्हा उघडायला १९३८ उजाडलं.

ब्रूअरची रंगीत एचिंग्ज कागदावर आहेत तशी रेशमावरही आहेत, आणि रेशमावर दगडाला जी मऊ चमक येते ती कागदावर येत नाही, माझा जीव तिथेच अडकतो.

फक्त त्या काळात रेशीम जड भरावं म्हणून त्यात कथलाचे क्षार भरायची पद्धत होती आणि असं भरलेलं रेशीम वर्षं गेली की उन्हाने, कोरडेपणाने आपोआप चिरतं, घडी नसतानाही. म्हणून घेताना आधी चित्र नाही, कापड बघा, फ्रेमच्या कडेला बारीक उभ्या चिरा आहेत का ते, आणि मागे आम्लयुक्त (अ‍ॅसिड असलेला) पुठ्ठा चिकटवलेला असेल तर घाईने ओढून काढू नका, कापड त्याच्याबरोबर येतं.