न्योर्डलिंगन

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील, डोनाऊ-रीस जिल्ह्यातले एक तटबंदीचे शहर. एगर नदीकाठी वसलेले. लोकसंख्या २०,००० च्या थोडी वर. पहिला लेखी उल्लेख इ. स. ८९८ मधला. मध्ययुगात ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतले स्वायत्त नगर होते. १८०३ मध्ये बव्हेरियात सामील झाले.

ज्या सपाट, सुपीक खोलगट भागात हे शहर आहे, तो ‘रीस’ म्हणजे सुमारे १.५ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळून झालेले आघाती विवर. व्यास सुमारे २४ किमी. लोणारचे विवर सुमारे १.८ किमीचे, त्यामुळे काठावर उभे राहिले की ते सगळे नजरेत मावते. रीसमध्ये शेते, गावे आणि हे अख्खे शहर विवराच्या आत आहे. लांबवर दिसणारी टेकड्यांची रांग हा त्याचा काठ. त्यामुळेच कित्येक पिढ्या हा ज्वालामुखीचा प्रदेश मानला गेला.

या गैरसमजाला येथील दगडानेही हातभार लावला. ‘सुएव्हाइट’ हा करडा, खडबडीत, काचेचे तुकडे अडकलेला खडक दिसायला ज्वालामुखीच्या राखेपासून बनल्यासारखाच. शहरातले सेंट जॉर्ज चर्च त्याच दगडाचे आहे. १९६० च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकेतील भूशास्त्रज्ञांना येथील सुएव्हाइटमध्ये कोएसाइट सापडले. क्वार्ट्‌झचे हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होते, आणि असा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही. त्यामुळे वाद मिटला. आघाताच्या वेळी ग्राफाइटपासून बनलेले सूक्ष्म हिरेही या दगडात आहेत, पण ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो-१४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावरचे खडक ओळखण्याच्या सरावासाठी येथे आले होते. शहराच्या विवर-संग्रहालयात आज चंद्रावरून आणलेला एक दगडही पाहायला मिळतो.

चौदाव्या शतकात बांधायला घेतलेला तट आजही सलग आहे. सुमारे २.७ किमीच्या या तटावरून, छपराखालच्या वाटेने, शहराला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. तटाला टेकून बांधलेल्या चिमुकल्या घरांतून आजही माणसे राहतात. इतके जुने शिल्लक राहण्यामागे दुर्दैवाचा वाटा मोठा आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ मध्ये, शहराबाहेरच मोठी लढाई झाली आणि तीत स्वीडिश पक्षाचा धुव्वा उडाला. त्यानंतर व्यापार ढासळला आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा शहराच्या हाती राहिला नाही.

सेंट जॉर्ज चर्चच्या सुमारे ९० मीटर उंच मनोऱ्याला सगळे ‘डॅनियल’ म्हणतात. वर जायला ३५० पायऱ्या. तेथे अजूनही पहारेकरी असतो आणि रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने ‘झो ग्झेल, झो!’ अशी हाळी देतो. या हाळीमागची दंतकथा अशी की, १४४० मध्ये वेशीच्या रखवालदारांनी शत्रूकडून पैसे घेऊन दरवाजा उघडा ठेवला; एक डुक्कर त्याला अंग घासू लागले, दार हलले आणि तिथून जाणाऱ्या एका बाईच्या ते ध्यानात आले. कथा खरी असो वा नसो, हाळी मात्र रोज ऐकू येते.

शहराच्या इतिहासात काळे पानही आहे. १५९० च्या दशकातील चेटकिणींच्या खटल्यांत अनेक स्त्रिया जाळल्या गेल्या. मारिया होल या खाणावळवालीने साठहून अधिक वेळा छळ सोसला, पण कबुलीजबाब दिला नाही आणि दुसऱ्या कुणाचे नावही घेतले नाही. १५९४ मध्ये तिला सोडून द्यावे लागले. या शहरातल्या कुठल्याही सेनापतीपेक्षा तिची आठवण ठेवणे अधिक योग्य.

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेचा उल्लेख १२१९ पासून सापडतो आणि ती आजही भरते. मे महिन्यातल्या ‘श्टाबनफेस्ट’मध्ये शाळकरी मुले फुले माळून मिरवणूक काढतात. १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा विजयी गोल करणारा गेर्ड म्युलर (१९४५–२०२१) येथलाच. बायर्न म्युनिककडे जाण्यापूर्वी तो येथील क्लबकडून खेळत असे. शहराच्या स्टेडियमला आता त्याचे नाव आहे.